निर्देशक द्रव्ये आणि अचूक मापन : एका चालू प्रश्नाचा आढावा

विषयाचे स्वरूप

रासायनिक पृथक्करणातून निघालेला आकडा बरोबर आहे की चूक, हे नुसत्या त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. लांबी किंवा वजन मोजणारे साधन प्रमाण साधनाशी थेट ताडून पाहता येते. तांदळातील आर्सेनिक, पोलादातील गंधक, रक्तातील कोलेस्टेरॉल किंवा द्राक्षांवरील कीटकनाशकाचा अंश मोजताना मात्र नमुना दळावा लागतो, विरघळवावा लागतो, नको असलेल्या घटकांपासून वेगळा करावा लागतो आणि मगच उपकरणात घालावा लागतो. या प्रत्येक टप्प्यावर मूळ घटकाचा काही भाग हरवू शकतो, बाहेरची अशुद्धी मिसळू शकते किंवा सोबतच्या पदार्थांमुळे उपकरणाचा प्रतिसाद बदलू शकतो. ही सगळी साखळी एकाच वेळी तपासण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा पदार्थ तिच्यातून नेऊन हाती आलेला आकडा त्या उत्तराशी ताडून पाहणे. या कामासाठी मुद्दाम तयार केलेल्या पदार्थांना निर्देशक द्रव्ये म्हणतात.

आंतरराष्ट्रीय मानकांतील व्याख्येनुसार एक किंवा अधिक गुणधर्मांच्या बाबतीत पुरेसा एकजिनसी व स्थिर असलेला आणि ठरावीक उपयोगासाठी योग्य असल्याचे सिद्ध झालेला पदार्थ म्हणजे निर्देशक द्रव्य होय. त्या गुणधर्माचे मूल्य शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य पद्धतीने ठरवलेले असेल आणि मूल्य, त्याची अनिश्चितता व त्या मूल्याचा उगम कोणत्या मूळ प्रमाणापर्यंत पोहोचतो याचा माग सांगणारे प्रमाणपत्र सोबत असेल, तर ते प्रमाणित निर्देशक द्रव्य ठरते. अनिश्चितता म्हणजे चूक नव्हे. खरे मूल्य वाजवी खात्रीने ज्या पल्ल्यात असावे, त्या पल्ल्याचा तो अंदाज असतो. उपकरणाचे अंशशोधन करणे, नवी पद्धत योग्य आहे का हे पडताळणे आणि रोजच्या कामाच्या दर्जावर लक्ष ठेवणे, असे या द्रव्यांचे तीन मुख्य उपयोग आहेत.

या क्षेत्रातील वादाचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो : प्रमाणपत्रावरील आकड्याला अधिकार कोठून मिळतो? तो मोल आणि किलोग्रॅम यांसारख्या आंतरराष्ट्रीय एककांशी जोडलेल्या साखळीतून मिळतो, ठरलेली पद्धत काटेकोरपणे पाळण्यातून मिळतो, की जाणकारांच्या सहमतीतून मिळतो? आणि तो कोठूनही मिळाला, तरी प्रयोगशाळेपुढील प्रत्यक्ष नमुन्याला तो लागू पडतो का? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळ्या शाखांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

पार्श्वभूमी

माहीत असलेल्या पदार्थाशी अनोळखी पदार्थ ताडून पाहण्याची कल्पना जुनी आहे. सोने कसोटीच्या दगडावर घासून त्याचा कस ठाऊक शुद्धतेच्या सोन्याच्या रेघेशी ताडण्याची रीत कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वर्णिलेली आहे. आधुनिक अर्थाने निर्देशक द्रव्यांची सुरुवात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन अगदी भिन्न क्षेत्रांत, औषधनिर्मितीत आणि धातुउद्योगात, जवळपास एकाच सुमारास झाली.

जर्मनीत पॉल एर्लिक यांनी १८९७ मध्ये घटसर्पावरील प्रतिविषाचे बळ मोजण्याची पद्धत मांडली. प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तद्रवातील एक गुंतागुंतीचे मिश्रण. त्यातील क्रियाशील घटक वेगळा काढून तोलणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणून एर्लिक यांनी वाळवलेल्या रक्तद्रवाचा एक साठा प्रमाण म्हणून जपला आणि प्रत्येक नव्या साठ्याचे बळ त्याच्या तुलनेत ‘एककां’त सांगण्याची रीत घातली. राष्ट्रसंघाच्या आरोग्यविषयक समितीने हीच दिशा पुढे नेली. १९२५ मधील पहिल्या आंतरराष्ट्रीय इन्सुलिन प्रमाणात त्या विशिष्ट भुकटीच्या ०.१२५ मिलिग्रॅममध्ये असलेली क्रियाशीलता म्हणजे एक एकक असे ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले.

धातूंच्या क्षेत्रातील गरज व्यापारी होती. बिडाच्या एकाच मालाचे पृथक्करण विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने वेगवेगळे सांगितले, तर किमतीचा तंटा मिटवायचा कसा, हा अमेरिकेतील ओतकाम व्यावसायिकांपुढील प्रश्न होता. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सने १९०५-०६ च्या सुमारास चार प्रकारच्या बिडांचे प्रमाण नमुने उपलब्ध करून दिले. हीच संस्था १९८८ पासून ‘निस्ट’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या यादीत आज हजाराहून अधिक प्रमाण द्रव्ये आहेत. जर्मनीनेही १९१२ मध्ये पोलादाचा पहिला प्रमाण नमुना काढला.

या कामाची खरी निकड पुढे आली ती खडकांच्या पृथक्करणातून. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमधील एक ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील एक डायाबेस यांची भुकटी ‘जी-१’ व ‘डब्ल्यू-१’ या नावांनी अनेक प्रयोगशाळांना वाटण्यात आली. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नामांकित प्रयोगशाळांच्या उत्तरांतही एवढी तफावत दिसली की, प्रस्थापित पद्धतींवरील विश्वासाचाच फेरविचार करावा लागला. जैविक पदार्थांच्या बाबतीत ब्रिटनमधील एच. जे. एम. बोवेन यांनी केल या कोबीवर्गीय भाजीची भुकटी १९६० च्या दशकात वाटून असाच प्रयोग केला आणि १९७१ मध्ये अमेरिकेतून फळबागेतील पानांचे प्रमाणित द्रव्य आले. शुद्ध रसायन प्रमाण म्हणून वापरणे पुरेसे नाही, ते ज्या पदार्थात मिसळलेले असते तो पदार्थही प्रमाणाचा भाग असायला हवा, हे या टप्प्यावर स्पष्ट झाले. घटकाभोवतीच्या अशा सर्व पदार्थाला पृथक्करणशास्त्रात मॅट्रिक्स म्हणतात.

त्यानंतरचा काळ संस्थात्मक बांधणीचा आहे. युरोपीय समुदायाने १९७३ मध्ये स्वतःचा संदर्भ विभाग उभारला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९७५ मध्ये ‘रेमको’ ही समिती नेमली, जिचे रूपांतर २०२१ मध्ये नियमित तांत्रिक समितीत झाले. १८७५ च्या मीटर करारातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत रसायनशास्त्रासाठी स्वतंत्र सल्लागार समिती येण्यास मात्र १९९३ साल उजाडले. १९९९ च्या परस्पर मान्यता करारामुळे एका देशाच्या राष्ट्रीय संस्थेने दिलेले प्रमाणपत्र दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याचा पाया घातला गेला. निर्देशक द्रव्ये बनवणाऱ्या संस्थांच्या क्षमतेसाठी २०१६ मध्ये आयएसओ १७०३४ हे मानक आले.

निर्मितीची प्रक्रिया

पुढील मतभेद नीट समजण्यासाठी ही द्रव्ये कशी तयार होतात हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कच्चा माल निवडल्यावर तो वाळवणे, दळणे, चाळणे, मिसळणे आणि शेकडो किंवा हजारो बाटल्यांत भरणे ही वरकरणी साधी वाटणारी कामेच बहुधा सर्वांत अवघड ठरतात. अफलाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष शेंगदाण्यांच्या पोत्यात मोजक्याच दाण्यांत एकवटलेले असते आणि सोन्याच्या खनिजात धातूचे कण विखुरलेले असतात, त्यामुळे दोन बाटल्यांतील माल सारखा आहे असे गृहीत धरता येत नाही. म्हणून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या बाटल्यांचे पुन्हापुन्हा पृथक्करण करून बाटली-बाटलीतील फरक आणि एकाच बाटलीतील फरक वेगळे काढले जातात, आणि त्यावरून एका वेळी किमान किती माल घेतला असता प्रमाणपत्रातील मूल्य लागू पडेल हे ठरवले जाते. प्रमाणपत्रावर २०० मिलिग्रॅम असे किमान प्रमाण दिले असताना प्रयोगशाळेने २० मिलिग्रॅमच घेतले, तर तिच्या निष्कर्षाला त्या प्रमाणपत्राचा आधार राहत नाही.

दुसरी कसोटी स्थिरतेची असते. काही बाटल्या उष्ण तापमानात आणि काही अतिथंड तापमानात ठरावीक काळ ठेवून, अखेरीस सर्वांचे पृथक्करण एकाच दिवशी व एकाच उपकरणावर केले जाते, म्हणजे उपकरणातील रोजचा चढउतार हिशेबातून वगळला जातो. तिसरा टप्पा मूल्यनिश्चितीचा. त्यासाठी एकच अत्यंत विश्वासार्ह पद्धत वापरता येते. तत्त्वतः भिन्न अशा दोन पद्धतींचा मेळ घालता येतो. किंवा निवडक प्रयोगशाळांच्या उत्तरांवरून मूल्य काढता येते. पहिल्या प्रकारात समस्थानिक विरलन ही पद्धत अग्रस्थानी आहे. तिच्यात नमुन्यात त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे समस्थानिक मोजून मिसळतात आणि नंतर केवळ दोन समस्थानिकांचे गुणोत्तर मोजतात. दोन्ही नीट मिसळल्यानंतर पुढील टप्प्यांत थोडा माल वाया गेला, तरी दोन्ही समस्थानिक सारख्याच प्रमाणात जात असल्याने गुणोत्तर बदलत नाही. शेवटी मूल्यनिश्चिती, बाटल्यांमधील फरक आणि साठवणुकीतील संभाव्य बदल या तीन घटकांच्या अनिश्चिततांच्या वर्गांची बेरीज करून तिच्या वर्गमुळातून एकूण अनिश्चितता काढतात.

पहिली भूमिका : आंतरराष्ट्रीय एककांशी जोडणी

मापनविज्ञानातील प्रमुख प्रवाहाच्या मते प्रत्येक निष्कर्षाचा माग अखंड साखळीने आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीपर्यंत काढता आला पाहिजे आणि साखळीच्या प्रत्येक दुव्याची अनिश्चितता माहीत असली पाहिजे. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या ६.०२२१४०७६ × १०^२३ या निश्चित संख्येने केली जाते, त्यामुळे साखळीचे वरचे टोक कोणत्याही एका वस्तूवर अवलंबून राहिलेले नाही. या भूमिकेचे बलस्थान असे की, तिच्यामुळे स्थळकाळाच्या पलीकडे तुलना शक्य होते. आज मुंबईत मोजलेले शिसे आणि वीस वर्षांनी टोकियोत मोजलेले शिसे यांची सांगड घालता येते, आणि मूळ द्रव्य संपले तरी तीच राशी पुन्हा स्वतंत्रपणे प्रत्यक्षात आणता येते.

या मताचे समर्थक सहमतीवर आधारलेल्या मूल्यांविषयी एक गंभीर शंका मांडतात. अनेक प्रयोगशाळा एकाच सदोष पद्धतीने काम करत असतील, तर त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतील, परंतु सगळीच एका बाजूला झुकलेली असतील. शिवाय अंश जितका सूक्ष्म, तितका प्रयोगशाळांमधील विस्कळीतपणा वाढतो. विल्यम हॉर्विट्झ यांनी १९८० मध्ये दाखवल्याप्रमाणे घटकाची तीव्रता शंभरपटीने घटली की प्रयोगशाळांमधील सापेक्ष विचलन साधारण दुप्पट होते : दशलक्षांशाच्या पातळीवर ते सुमारे १६ टक्के आणि अब्जांशाच्या पातळीवर सुमारे ४५ टक्के असते. एवढ्या विखुरलेल्या उत्तरांच्या सरासरीला सत्य मानणे धोक्याचे आहे, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे.

दुसरी भूमिका : पद्धत हीच व्याख्या

अन्न, माती, इंधन आणि पर्यावरण या क्षेत्रांतील तज्ज्ञ याला एक मूलभूत मर्यादा दाखवतात. अन्नातील ‘प्रथिन’, ‘तंतुमय पदार्थ’, मातीतील ‘उपलब्ध स्फुरद’ किंवा पेट्रोलचा ऑक्टेन अंक या राशी ठरलेल्या कृतीनेच अस्तित्वात येतात. कृती बदलली की राशीही बदलते. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला ठरावीक गुणांकाने, सर्वसाधारणपणे ६.२५ ने आणि दुधासाठी ६.३८ ने, गुणून प्रथिन सांगितले जाते. चीनमध्ये २००८ मध्ये उघडकीस आलेल्या दुधातील मेलामाइनच्या भेसळीने याच फटीचा फायदा घेतला होता, कारण मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. तेथे नायट्रोजनचे मापन कितीही अचूक असते, तरी प्रथिनाविषयीचा निष्कर्ष चुकलाच असता. दोष उपकरणात वा निर्देशक द्रव्यात नव्हता. काय मोजायचे याच्या व्याख्येत होता.

या भूमिकेनुसार अशा राशींसाठी प्रमाणपत्रात पद्धतीचे नाव हा मूल्याचाच भाग मानावा आणि त्या पद्धतीने प्रवीण प्रयोगशाळांनी काढलेल्या सहमतीच्या मूल्याला तेवढ्यापुरता पूर्ण अधिकार द्यावा. नॅनोकणांच्या अभ्यासाने या मताला अनपेक्षित क्षेत्रातून बळ मिळाले. निस्टच्या नाममात्र ३० नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणांच्या निर्देशक द्रव्याला एकच व्यास दिलेला नाही. वापरलेल्या तंत्रानुसार तो सुमारे २५ पासून २९ नॅनोमीटरपर्यंत नोंदवलेला आहे. कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कणाच्या धातूच्या गाभ्याची प्रतिमा घेतो, तर प्रकाशाच्या विकिरणावर आधारलेले तंत्र द्रवात फिरणाऱ्या कणाचा, त्याच्याभोवतीच्या आवरणासह, व्यास सांगते. पहिल्या पक्षालाही हा मुद्दा तत्त्वतः मान्य आहे. अशा राशी अपवाद समजाव्यात की नियम, एवढ्याबाबतच मतभेद उरतो.

तिसरी भूमिका : जैविक एकके

एर्लिक यांच्या परंपरेतील जैविक प्रमाणांची भूमिका याहून वेगळी आहे. लसी, प्रतिद्रव्ये आणि अनेक संप्रेरके हे एकसंध रेणू नसून मिश्रणे असतात आणि महत्त्व त्यांच्या वजनापेक्षा परिणामाला असते. म्हणून एखाद्या कुपीतील द्रव्यालाच एककाची व्याख्या मानावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण राहिले आहे. पहिल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाला नेमून दिलेल्या मूल्याला अनिश्चितता जोडली जात नाही, कारण ते मूल्य मोजलेले नसून ठरवलेले असते. या मार्गाची उपयुक्तता कोविडच्या साथीत दिसली. रक्तातील प्रतिद्रव्ये मोजणाऱ्या चाचण्या आपापल्या एककांत उत्तरे देत असताना डिसेंबर २०२० मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वीकारले गेले आणि लसींच्या अभ्यासांची तुलना करण्यास समान आधार मिळाला.

टीकाकारांचे म्हणणे असे की, कुपीचा साठा संपला की नवा साठा जुन्याशी ताडावा लागतो आणि अशा पिढ्यांमधून एकक हळूहळू सरकू शकते. ज्यांची रचना आता पूर्णपणे ज्ञात आहे अशा रेणूंसाठी मोलकडे वळावे, असा त्यांचा आग्रह आहे. या दोन प्रवाहांना एकत्र आणण्याचे प्रयत्नही झाले. युरोपच्या १९९८ च्या निर्देशाने निदान-चाचण्यांच्या मूल्यांचा माग उच्च श्रेणीच्या संदर्भापर्यंत दाखवणे बंधनकारक केले आणि २००२ मध्ये वैद्यकीय प्रयोगशाळांतील मापनाच्या मागासाठी आंतरराष्ट्रीय संयुक्त समिती स्थापन झाली.

मधुमेहाच्या नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या एचबीए१सी या चाचणीत हा संघर्ष आणि त्यातील तडजोड दोन्ही दिसतात. उपचारांची उद्दिष्टे १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातील टक्केवारीवर आधारलेली होती आणि त्या अभ्यासातील मापनपद्धत संबंधित रेणूबरोबर इतर काही घटकही मोजत होती. आंतरराष्ट्रीय रसायन-वैद्यक महासंघाने २००२ मध्ये शुद्ध रेणूंच्या मिश्रणांवर आधारलेली संदर्भपद्धती स्वीकारली, तेव्हा उत्तरे लक्षणीयरीत्या कमी येऊ लागली : जुन्या मापाचे ७ टक्के नव्या मापात ५.३ टक्के, म्हणजे ५३ मिलीमोल प्रति मोल, ठरले. अचूकता वाढली, पण डॉक्टर आणि रुग्ण यांना परिचित असलेली उंबरठ्याची मूल्ये बदलण्याचा धोका उभा राहिला. २००७ मध्ये दोन्ही मापे एका समीकरणाने जोडण्याची तडजोड झाली. ब्रिटनने नवे एकक स्वीकारले. भारतात आणि अमेरिकेत टक्केवारीच रूढ राहिली. येथे अधिक बरोबर मूल्य आणि अधिक उपयोगी मूल्य यांत निवड करण्याची वेळ आली आणि दोन्ही जपण्याचा मार्ग काढला गेला.

विनिमेयतेचा प्रश्न

गेल्या दोन दशकांत चर्चेचा भर मूल्याच्या उगमाकडून द्रव्याच्या वर्तनाकडे सरकला आहे. निर्देशक द्रव्य आणि खरा नमुना या दोघांतील आकड्यांचे नाते दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजल्यावर सारखेच राहत असेल, तर त्या द्रव्याला विनिमेय म्हणतात. रक्तद्रव टिकावा म्हणून तो गोठवून वाळवला, त्यात बाहेरून घटक मिसळले किंवा अनेक दात्यांचे रक्त एकत्र केले, तर काही चाचण्यांत तो रुग्णाच्या ताज्या रक्तासारखा वागत नाही. अशा द्रव्याचे मूल्य मोलपर्यंत निर्दोषपणे पोहोचलेले असले, तरी त्याने अंशशोधित केलेले उपकरण रुग्णाच्या नमुन्यात चुकू शकते. आंतरराष्ट्रीय रसायन-वैद्यक महासंघाच्या कार्यगटाने २०१८ मध्ये विनिमेयता तपासण्याच्या तपशीलवार शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांवरील मुख्य आक्षेप व्यावहारिक आहे : बाजारातील प्रत्येक चाचणीपद्धतीवर अनेक ताजे नमुने तपासणे अत्यंत खर्चिक असते आणि नवी पद्धत आली की तपासणी पुन्हा करावी लागते.

हाच प्रश्न अन्नाच्या क्षेत्रात मॅट्रिक्सच्या परिणामाच्या रूपाने येतो आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांची युरोपातील निर्यात अडचणीत आली आणि नाशिक, सांगली पट्ट्यातील बागायतदारांना त्याची झळ बसली. असे अंश द्रवरूप क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटमापन यांच्या जोड उपकरणावर मोजताना द्राक्षातील शर्करा व रंगद्रव्ये आयन तयार होण्यात अडथळा आणतात, आणि शुद्ध द्रावणावर अंशशोधित केलेले उपकरण खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. त्यामुळे अंशरहित द्राक्षांच्या अर्कातच प्रमाण द्रावण करणे किंवा समस्थानिकांनी खूण केलेला तोच रेणू सुरुवातीलाच मिसळणे, हे उपाय केले जातात. निर्यातीच्या द्राक्षांतील अंशतपासणीसाठी पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहते.

साठा संपणे आणि सातत्य

प्रत्येक निर्देशक द्रव्य कधी तरी संपते आणि काही द्रव्ये त्याआधीच बिघडतात. कार्बनच्या समस्थानिकांच्या गुणोत्तराचे जागतिक माप मुळात दक्षिण कॅरोलायनातील एका जीवाश्मावर आधारलेले होते. तो संपल्यावर ‘एनबीएस १९’ या संगमरवराने आणि तोही संपल्यावर २०१६ पासून ‘आयएईए-६०३’ या द्रव्याने त्याची जागा घेतली. मापाचे दुसरे टोक म्हणून २००६ मध्ये ‘एलएसव्हेक’ या लिथियम कार्बोनेटला −४६.६ प्रतिसहस्र हे मूल्य दिले गेले. पुढे असे दिसले की, हे द्रव्य हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते आणि बाटलीगणिक त्याचे मूल्य सरकते. त्यामुळे २०१७ मध्ये कार्बनसाठी त्याचा वापर न करण्याची शिफारस झाली. मधात उसाच्या साखरेची भेसळ ओळखण्यासारखी रोजची कामे याच मापावर चालतात, त्यामुळे हा केवळ तज्ज्ञांचा प्रश्न नव्हता.

हवामानशास्त्रातही असेच उदाहरण आहे. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे जागतिक माप अमेरिकेतील बोल्डर येथील प्रयोगशाळेत जपलेल्या वायूंच्या नळकांड्यांवर आधारलेले आहे. २०१९ च्या सुधारित मापामुळे ४०० दशलक्षांशाच्या आसपासची मूल्ये सुमारे ०.१८ दशलक्षांशाने वाढली. निरीक्षण केंद्रांमधील फरक उत्तर गोलार्धात ०.१ दशलक्षांशाच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट असल्याने हा बदल दुर्लक्षिण्याजोगा नव्हता आणि जुन्या नोंदी नव्या मापात फिरवून घ्याव्या लागल्या. चूक दुरुस्त करावी, की दीर्घ नोंदमालिकेचे सातत्य राखावे, या पेचावर येथे दुरुस्तीच्या बाजूने, पण रूपांतराच्या स्पष्ट नियमांसह, निर्णय झाला.

भारतातील स्थिती

भारत १९५७ मध्ये मीटर करारात सामील झाला आणि राष्ट्रीय मापन संस्थेची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिच्या पुढाकाराने तयार होणारी प्रमाणित द्रव्ये ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने वितरित होतात. त्यांपैकी मुंबईशी जोडलेले उदाहरण म्हणजे २०१८ मध्ये प्रसृत झालेले ‘बीएनडी-४२०१’ हे ९९.९९ टक्के शुद्धतेचे सोने, जे मुंबईची भारत सरकार टांकसाळ, भाभा अणुसंशोधन केंद्र व त्याचे हैदराबाद येथील पृथक्करण केंद्र आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्यातून आले. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाल्याने या द्रव्याचे महत्त्व वाढले. हॉलमार्किंग केंद्रांत आधी क्ष-किरणांच्या यंत्रावर प्राथमिक तपासणी होते आणि अंतिम निर्णय अग्निपरीक्षेने, म्हणजे शिसे व चांदीसह नमुना तापवून आणि नंतर नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून उरलेले सोने तोलून, केला जातो. त्या वेळी ‘चेक गोल्ड’ म्हणून ओळखले जाणारे ठाऊक शुद्धतेचे सोने सोबत चालवून प्रक्रियेतील घट हिशेबात धरली जाते.

हैदराबाद येथील याच केंद्राने बॉक्साइट आणि दुर्मिळ मृदाधातू असलेल्या फेरोकार्बोनाटाइट या खडकाची प्रमाणित द्रव्येही तयार केली आहेत. औषधांसाठी गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग संदर्भ पदार्थ पुरवतो आणि निर्देशक द्रव्ये बनवणाऱ्या संस्थांना आयएसओ १७०३४ नुसार अधिस्वीकृती देण्याचे काम राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ करते. शुद्ध पदार्थ, धातू आणि खनिजे यांत पाया घातला गेला असला, तरी भारतीय मसाले, डाळी, दूध आणि काळी माती अशा स्थानिक मॅट्रिक्सची द्रव्ये ही पुढील मोठी गरज आहे, कारण युरोपातील मातीची वा अमेरिकी आहाराची भुकटी कितीही उत्तम असली, तरी हळदीच्या किंवा मिरचीच्या पृथक्करणाची ती पुरेशी कसोटी ठरत नाही.

अनिर्णित मुद्दे

पहिला अनिर्णित मुद्दा गुणात्मक गुणधर्मांचा आहे. डीएनएचा क्रम, जीवाणूची जात किंवा तांदळाचा वाण ही ओळख असते, राशी नव्हे. तिला सरासरी काढता येत नाही आणि नेहमीच्या अर्थाने अनिश्चितताही जोडता येत नाही. मानवी जनुकसंचाची निर्देशक द्रव्ये २०१५ पासून उपलब्ध असली, तरी ओळखीवरील विश्वास कोणत्या भाषेत सांगावा याबाबत एकमत घडत आहे. दुसरा मुद्दा नव्या प्रदूषकांचा, विशेषतः सूक्ष्म प्लास्टिकचा आहे. तेथे कणांची संख्या मोजावी की वस्तुमान, याचाच निर्णय क्षेत्राक्षेत्रांत वेगळा आहे. तिसरा मुद्दा खर्चाचा आहे. एका मॅट्रिक्स द्रव्याच्या विकासाला अनेक वर्षे लागू शकतात आणि मागणी मर्यादित असते. राष्ट्रीय संस्थांनी फक्त साखळीच्या वरच्या टोकाची द्रव्ये करावीत व रोजच्या वापराची खासगी उत्पादकांवर सोपवावीत, असे एक मत आहे, तर नफा नसलेली पण लोकारोग्यासाठी आवश्यक द्रव्ये त्यामुळे कोणीच करणार नाही, अशी दुसऱ्या बाजूची भीती आहे.

चौथा मुद्दा मर्यादेचा आहे. निर्देशक द्रव्य पृथक्करण तपासते, नमुना घेण्याची क्रिया तपासत नाही. इंडोनेशियातील बुसांग येथील कथित सोन्याच्या साठ्याचा घोटाळा १९९७ मध्ये उघड झाला, तेव्हा दोष पृथक्करणाचा नव्हता. नमुन्यांतच बाहेरून सोने मिसळलेले होते. प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची साखळी प्रमाणित कशी करावी, हा प्रश्न म्हणून अजून खुला आहे.

समारोप

एकंदर चित्र पाहता तिन्ही भूमिका परस्परांना रद्द करत नाहीत. रेणू किंवा मूलद्रव्य निश्चित असेल तेथे आंतरराष्ट्रीय एककांशी जोडणी हा सर्वांत टिकाऊ आधार आहे. राशी कृतीनेच ठरत असेल तेथे पद्धतीचे नाव न घेता दिलेला आकडा निरर्थक आहे. आणि द्रव्याची रचनाच पुरती उलगडलेली नसेल तेथे जैविक एककांना आज तरी पर्याय नाही. या तिन्ही ठिकाणी अखेरचा निर्णय विनिमेयतेवर येऊन थांबतो, कारण खऱ्या नमुन्यासारखे न वागणारे द्रव्य कितीही काटेकोरपणे प्रमाणित केलेले असले, तरी वापरणाऱ्याला चुकीचा दिलासा देते. म्हणून निर्देशक द्रव्य विकत घेणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने प्रमाणपत्रातील मूल्याच्या आधी चार गोष्टी वाचाव्यात : नेमकी कोणती राशी प्रमाणित केली आहे, ती कोणत्या पद्धतीने, कोणत्या मॅट्रिक्समध्ये, आणि किमान किती माल घेतल्यास ते मूल्य लागू पडते.